मांजरीचे बागाईतदार



पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीत तुमच्यापैकी बरेच जण बसले असतील. हडपसर मागे पडले की मांजरी बुद्रुक हे लहानसे स्टेशन येते. मग लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस आणि शेवटी दौंड. जलद गाडी मांजरीला थांबत नाही. त्यामुळे हे नाव आपल्या लक्षातही राहत नाही. पुढच्या वेळी मात्र खिडकीतून जरूर पाहा. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या गावच्या शिवारात एका गृहस्थांची साठ एकर शेती होती. ते गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. त्यांनी आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला, हेही वाचले आहे. पण ते शेतकरी होते, बागाईतदार होते, ही गोष्ट आपण सहसा वाचत नाही. १८८२ साली सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे ठेकेदार अशी करून दिली. महात्मा ही पदवी त्यांना लोकांनी नंतर दिली. त्यांनी स्वतः सांगितलेली ओळख ही अशी साधी होती. या पाठात आपण त्या शेतकरी जोतीरावांना भेटणार आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे. आडनाव गोऱ्हे. तेथून हे घराणे पुरंदर तालुक्यातील खानवडीला आले आणि मग पुण्याला. पुण्यात जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि त्यांचे भाऊ पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवू लागले. फुलांचा धंदा म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. धंद्याचे नाव आडनाव होऊन बसले. तुमच्या वर्गातही बागवान आडनावाचा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. शिरूरच्या आणि दौंडच्या बाजारात भाजीची व फळांची कितीतरी दुकाने बागवानांची आहेत. बागवान हा शब्द फारसी आहे, बागेची राखण करणारा असा त्याचा अर्थ. म्हणजे माळी आणि बागवान यांचा पिढीजात व्यवसाय एकच. मातीत रोप लावायचे, त्याला पाणी घालायचे आणि आलेला माल बाजारात न्यायचा.

जोतीराव वर्षभराचे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारल्या. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. वडिलांनी मुलाला शाळेत घातले. पण काही वर्षांतच, लोकांच्या सांगण्यावरून, शाळेतून काढून घेतले. माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचे आहे, असा तेव्हाचा विचार होता. मग मुलगा वडिलांबरोबर मळ्यात जाऊ लागला. खुरपणी, वाफे बांधणे, दारे धरणे ही कामे त्याच्या हाताला आली. दारे धरणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पाटाचे पाणी एका वाफ्यात भरले की मातीचा बांध घालून ते दुसऱ्या वाफ्यात वळवायचे. पाय चिखलात, पाठ उन्हात आणि लक्ष पाण्यावर. जरा दुर्लक्ष झाले तर एका वाफ्यातली रोपे वाहून जातात आणि दुसऱ्या वाफ्यातली तहानेली राहतात.

दिवसभर असे काम करून हा मुलगा रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसे. ही गोष्ट दोघा जाणत्या माणसांच्या नजरेस आली. एक होते गफ्फार बेग मुन्शी. ते उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. एका उर्दू शिकवणाऱ्या माणसाने दोन शब्द खर्च केले, म्हणून माळ्याच्या मळ्यातला मुलगा शाळेत परतला. हे वाचताना मला शिक्षक म्हणून फार बरे वाटते, ते तुमच्यापासून कशाला लपवू!

आता थोडा वेळ जोतीरावांना शाळेतच राहू द्या. मळ्यातल्या ज्या विद्येने त्यांना घडवले, ती आपण नीट समजून घेऊ. ती विद्या म्हणजे वेळ ओळखण्याची विद्या.

आपला शिरूर-दौंडचा भाग कसा आहे? सह्याद्रीवर ढग येतात आणि तेथेच रिकामे होतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, आपल्याकडे, तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. काही वर्षी तेवढाही होत नाही. शिवाय तो सारखा पडत नाही. जून महिन्यात थोडा पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये दडी मारतो आणि बराचसा सप्टेंबरात येतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. ही वाळवंटाची जमीन नव्हे, पण एप्रिल-मे महिन्यांत शिरूरच्या माळावर उभे राहिले तर फरक सांगणे अवघड जाते. तुमच्यापैकी काहींचे मामू किंवा चाचा आखाती देशांत नोकरीला असतील. त्यांना विचारा. तेथे भाजीची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते आणि उन्हाळा तोंडावर आला की उघड्या रानातली भाजी संपते. उन्हाळ्यात तेथली जमीन मोकळीच असते. आपल्याकडेही पाणी नसते तेव्हा हाच नियम चालतो.

भाजी हे ज्वारी-बाजरीसारखे सोशिक पीक नाही. कांद्याचेच पाहा. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात टाकतात. सहा-सात आठवड्यांनी रोपे उपटून शेतात लावतात. थंडीत पात वाढते आणि दिवस मोठे होऊ लागले, ऊन तापू लागले की कांदा पोसतो. लागवड फार उशिरा झाली तर पात वाढायच्या आधीच ऊन येते आणि कांदा गोटीएवढा राहतो. वेळ साधली नाही आणि वाढलेले रोप कडक थंडीत सापडले तर त्याला डेंगळे येतात, म्हणजे कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा वर येतो. फ्लॉवरला आणि वाटाण्याला थंडी लागते. उन्हात फ्लॉवरचा गड्डा नीट भरत नाही. टोमॅटोचे झाड उन्हाळ्यात हिरवे दिसते, पण पारा पस्तिशीच्या फार वर गेला की फुले गळतात आणि फळ धरत नाही. गवार, भेंडी, काकडी ही उन्हाला न घाबरणारी मंडळी. ती जानेवारी-फेब्रुवारीत लावली तर उन्हाळ्यात येतात. मात्र त्यांना पाणी वेळेवर हवे. थंडीत काळ्या जमिनीतला वाफा दहा-बारा दिवस पाण्यावाचून तग धरतो. वैशाखात हलक्या बरड जमिनीला पाच-सहा दिवसांनी पाणी द्यावे लागते. एक पाळी चुकली की दोन महिन्यांची मेहनत वाया जाते.

हे सारे जुन्या शेतकऱ्यांना थर्मामीटर नसताना कळत होते. ते नक्षत्रे पाहत. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो, सप्टेंबरच्या अखेरीस हस्त येतो. ते माती मुठीत घेऊन पाहत. ढेकूळ दाबल्यावर चिखल झाला तर अजून थांबायचे. हलक्या हाताने भुगा झाला तर वाफसा आला, आता पेरायचे.

येथे तुमच्या भाषेशी संबंध असलेली एक गंमत सांगतो. रब्बी म्हणजे अरबीतला रबी, वसंत ऋतू. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावात तोच शब्द आहे. खरीप म्हणजे खरीफ, शरद ऋतू. पीक ज्या ऋतूत काढायचे त्या ऋतूचे नाव हंगामाला मिळाले. हंगाम हा शब्दही फारसी, त्याचा अर्थ वेळ. जिराईत, बागाईत, जमीन, फसल हे शब्दही तुम्हांला परके नाहीत. आपला हिजरी महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. अशा कालगणनेवर पेरणी करता येत नाही आणि साराही वसूल करता येत नाही. म्हणून दख्खनच्या राज्यकर्त्यांनी शेतीच्या हिशेबासाठी फसली सन आणि शुहूर सन वापरले. ती वर्षे सुरू होत मृग नक्षत्रापासून. शुहूर सनाला मराठीत मृगसालच म्हणत. अरबी नावाचे वर्ष, आणि त्याचा पहिला दिवस आपल्या शेतकऱ्याच्या पहिल्या पावसाचा!

आता पुन्हा जोतीरावांकडे येऊ. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. १८४७ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांचा रोष वाढला आणि १८४९ साली वडिलांनी या दोघांना घर सोडायला लावले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्याच कुटुंबातील फातिमा शेख यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. १८५६ साली सावित्रीबाईंनी माहेराहून जोतीरावांना पत्र लिहिले, त्यात फातिमावर पडलेल्या कामाच्या भाराची काळजी आहे. शाळांची ही हकिकत फार मोठी आहे, आणि ती तुम्ही इतरत्र वाचालच.

शाळा चालवायला पैसा लागतो. जोतीरावांनी सरकारी नोकरी धरली नाही. त्यांनी व्यवसाय केला. बांधकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचे ठेके घेतले. कात्रजच्या बोगद्यासाठी आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या बांधकामासाठी त्यांनी मजूर पुरवले. आणि १८७० नंतरच्या दहा वर्षांत मुठा नदीवर खडकवासल्याला जे मोठे धरण उभे राहत होते, त्यासाठीही बांधकामाचे साहित्य पुरवले.

हे धरण १८७९ साली पूर्ण झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरीवरून पुढे आपल्या दौंड तालुक्यात पाटसपर्यंत आणले गेले. सुमारे एकशे बारा किलोमीटर लांबीचा हा कालवा. दौंड तालुक्याला तेव्हा भीमथडी म्हणत. तुम्ही उर्दूत ज्याला नहर म्हणता तो हा कालवा. पुण्याच्या लष्करी छावणीला आणि शहराला पिण्याचे पाणी, आणि पुढे कोरड्या मुलखाला शेतीचे पाणी, अशी ती योजना होती.

हा मुलूख किती कोरडा आणि किती गांजलेला होता, हे त्याच काळातल्या दोन घटनांवरून कळते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पाहता पाहता हे लोण शिरूर तालुक्यातल्या अनेक गावांत पसरले. बहुतेक ठिकाणी लोकांनी कर्जाची खते, रोखे हिसकावून जाळले. याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. मे महिन्यातली तारीख लक्षात घ्या. घरातले धान्य संपत आलेले, विहिरी आटलेल्या, मृगाला अजून महिना बाकी आणि बियाणे घ्यायला सावकाराच्या दारात जावे लागणार. या उठावाची कारणे पुष्कळ आहेत, जमिनीचा वाढलेला सारा हे त्यांतले मोठे कारण. पण शेतकऱ्याचा धीर वर्षाच्या कोणत्या दिवसांत सुटतो, हेही या तारखेवरून समजते. मग वर्षभरातच पाऊस पडला नाही. १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ. जोतीरावांनी आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी धनकवडीला पोरक्या आणि उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. सावित्रीबाई जुन्नर भागात दुष्काळाच्या कामासाठी फिरत होत्या.

कालव्याला पाणी आले, पण सुरुवातीला शेतकरी ते घ्यायला बिचकत होते. पाणीपट्टी भरायची, आणि पाऊस चांगला झाला तर ती भरल्याचा उपयोग काय? कालव्याच्या पाण्याने जमीन बिघडेल का? असे प्रश्न होते. ते अगदी खुळे होते असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या मोटेच्या पाण्यावर हिशेब बसवलेला असतो, तो एका दिवसात मोडत नाही. जोतीरावांची शेती मांजरीला होती, आणि मांजरी कालव्यालगत. तेथे त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागाईत करून दाखवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बोलून पटत नाही ते वाफ्यात दिसले की पटते, हे माळ्याच्या मुलाला ठाऊक होते.

कालव्याने नेमके काय बदलले? ज्याची विहीर वैशाखापर्यंत टिकते त्यानेच उन्हाळी भाजी करावी, असा पूर्वीचा नियम होता. अशा विहिरी किती असणार? बाकीच्यांची भाजी हस्ताच्या पावसानंतर सुरू व्हायची आणि होळीच्या आसपास संपायची. कालवा आला आणि वर्षाचे कॅलेंडरच लांबले. फाल्गुनात गवार लावता येऊ लागली. पावसाने दडी मारली तरी ऑगस्टमध्ये रोप जगवता येऊ लागले. मांजरी-हडपसरचे रान पुढे ऊस आणि भाजीपाल्यासाठी नावाजले ते या पाण्यामुळे.

पण आता वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाकडे गेला, ते पाहा. विहीर असते तेव्हा मोट कधी जुंपायची हे शेतकरी ठरवतो. कालवा असतो तेव्हा पाणी कधी सोडायचे हे अधिकारी ठरवतो. रोप लावून शेतकरी वाट पाहत बसतो. हे मला पुस्तकातून समजलेले नाही. माझे अब्बा शिरूर तालुक्यात दोन एकर कसत. एका वर्षी त्यांनी आवर्तनाच्या भरवशावर चैत्रात गवार आणि काकडी केली. पाणी अठरा दिवस उशिरा आले. काकडीचे वेल आम्ही जनावरांपुढे टाकले. पाणी आले त्या दिवशी अब्बांनी नेहमीप्रमाणे पहाटे उठून दारे धरली. वाफ्यात काहीच नव्हते, पण पट्टी भरलेली होती.

जोतीरावांनी हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. १८८३ साली त्यांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून पूर्ण केले. असूड म्हणजे बैल हाकायचा चाबूक. पुस्तकाची भाषाही तशीच आहे. तिने कितीतरी माणसे दुखावली. सावकार, भटभिक्षुक, मामलेदार, गोरे अधिकारी, कोणालाच त्यांनी सोडले नाही. ती भाषा मलाही काही ठिकाणी फार कडक वाटते. पण मित्रांनो, रागाची वाक्ये बाजूला ठेवून वाचले तर त्यात एका जाणत्या बागाईतदाराची बारीक नजर दिसते.

धरणाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी स्वतः त्या धरणाला साहित्य पुरवले होते. त्याच पाण्यावर ते शेती करत होते. म्हणजे ठेकेदाराची बाजू त्यांना माहीत होती आणि पाणी घेणाऱ्याचीही. त्यांची तक्रार अशी होती की पाटबंधारे खाते भरमसाट पट्टी घेते, पण शेतकऱ्याला पाणी वेळच्या वेळी मिळते की नाही याची जबाबदारी घेत नाही. त्यांनी उपायही सुचवला. प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीला जेवढे पाणी लागते त्या मानाने त्याला एक स्वतंत्र तोटी द्यावी. तोटी म्हणजे नळ. शेताला नळ! त्या काळी शहरातल्या घरांतही नळ मोठी अपूर्वाई होता. आज आपण ठिबक सिंचनाच्या नळ्या पाहतो, तेव्हा ही तोटी मला हमखास आठवते. ठिबकचे तंत्र वेगळे आहे, ते पुढे दुसऱ्या देशांत विकसित झाले. पण ज्याचे त्याला, मोजून आणि हवे तेव्हा पाणी मिळावे, ही गरज तीच आहे.

सर्वांनाच कालवा मिळणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते. आपल्या शिरूरकडे मुठेचा कालवा येत नाही. घोड नदीवरच्या चिंचणीच्या धरणाचे आणि चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यात आले ते स्वातंत्र्यानंतर. अशा मुलखासाठी जोतीरावांनी सांगितले की डोंगरउतारावर आणि ओढ्यानाल्यांवर जागोजाग लहान ताली आणि बंधारे बांधावेत. पावसाचे पाणी धावत नदीला जाऊ नये. ते आधी जमिनीत मुरावे आणि मग ओढ्याला मिळावे. या कामाला पलटणीतले शिपाई आणि पोलीस रिकामे असतील तेव्हा लावावेत. तळ्यांतला आणि नद्यांतला साचलेला गाळ शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा. पाणी कोठे लागेल हे सांगणाऱ्या पाणाड्यांकडून जागा शोधून घ्याव्यात. बंधाऱ्याने गावाच्या विहिरींचे पाणी वाढते, आणि विहीर महिनाभर जास्त टिकली तर कांद्याची शेवटची पाळी हुकत नाही. पाणलोट क्षेत्र विकास हा शब्द आपण अलीकडे शिकलो. काम मात्र तेच आहे.

भाजी पिकवली तरी ती विकावी लागते. असूडात एक भाजीवाला शेतकरीही येतो. तो गाडीभर माळवे घेऊन शहराच्या बाजारात येतो. माळवे म्हणजे भाजीपाला. नाक्यावर जकात द्यावी लागते, बाजारात दलाल आणि इतर लोक लुबाडतात. सगळे देणे देऊन झाल्यावर हातात काही उरत नाही आणि तो रडत घरी जातो. जकात या शब्दाशी तुम्ही थबकला असाल. तुम्हांला माहीत असलेली जकात म्हणजे मालदाराने गरिबासाठी काढायचा हिस्सा. मराठीत तोच शब्द शहरात येणाऱ्या मालावरच्या कराला वापरला गेला. येथे गरीब देत असे आणि नगरपालिका घेत असे. एकाच शब्दाचा असा प्रवास! जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. म्हणजे जकात घेणाऱ्यांच्या बाकावर ते बसले होते, आणि जकात देणाऱ्यांच्या रांगेतले जीवनही त्यांना ठाऊक होते.

१८८२ च्या त्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ही मागणी प्रसिद्ध आहे. तिच्या शेजारीच दुसरी मागणी होती. खेड्यातल्या शाळांत शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी आणि शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे. आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणाजवळ जो मेथीचा आणि पालकाचा तुकडा आहे, तो पाहून मागच्या वर्षी काही पालक म्हणाले होते की मुलांना हे कशाला. त्यांना मी ही गोष्ट सांगितली.

जोतीरावांची साठी उलटली होती. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या लोकांनी मोठी सभा भरवून त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने दारे धरली आणि असूड लिहिला, तो हात चालेना. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्य धर्म हे शेवटचे पुस्तक पूर्ण केले. ते छापून आले तेव्हा, १८९१ साली, ते नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हेरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर आपल्या शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकला येत होते. त्यांनी तेथे घरोघर जाऊन जमीन, उत्पन्न आणि कर्ज यांची नोंद केली. ती १९२१ साली पुस्तकरूपाने निघाली. जोतीरावांनी जे संतापाने सांगितले होते ते त्यांनी आकड्यांत मांडले. कोरड्या गावातल्या बहुतेक कुटुंबांचे पोट केवळ शेतीवर भरत नव्हते आणि कर्ज फिटत नव्हते.

खडकवासल्याचे जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा फुटले, आणि पुन्हा बांधले गेले. नवा कालवा आता दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो. पुणे शहर मोठे झाले आहे आणि त्याच धरणांचे पाणी पिते. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात शहराला किती आणि शेतीला किती, असा वाद होतो. आवर्तन कधी सुटणार ही बातमी यवत, केडगाव, पाटसकडचे लोक वर्तमानपत्रात आधी शोधतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या बागवानाच्या घरीही ती वाचली जाते, कारण पाणी उशिरा आले तर बाजारात गवार उशिरा येते आणि महाग येते. मार्चमध्ये कधी पहाटे कालव्याच्या कडेने गेलात तर कोठेतरी एखादा माणूस चिखलात उभा राहून फावड्याने पाणी वळवताना दिसेल. त्याला हाक मारून विचारा, यंदा पाणी वेळेवर आले का.